टोपीत न मावलेला चार्ज

आमच्या धंद्यात खुर्ची नव्हती. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात, पण खरंच नव्हती. सिक्युरिटीवाला म्हणजे उभा माणूस. बसलेला गार्ड दिसला की साहेबाला वाटायचं हा झोपतोय, आणि झोपत नसला तरी आरामात आहे, म्हणजे पगार फुकट जातोय. चाकणच्या ज्या कारखान्याच्या गेटवर मी उमेदीची वर्षं घालवली, तिथं केबिनमागे आम्ही तेलाचा एक रिकामा डबा पालथा घालून ठेवला होता. एक डोळा रस्त्यावर ठेवून त्याच्यावर टेकायचं. दिवसा मी, रात्री अंबादास.

मी धोंडिभाऊ डुंबरे, ओतूरचा. अंबादास खिल्लारे जिंतूरकडचा. तो माझा रिलीव्हर आणि मी त्याचा. रिलीव्हर म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळत नाही. गेट रिकामं ठेवता येत नाही, म्हणून दुसरा येईपर्यंत पहिल्याला घरी जाता येत नाही. बायको आपली वाट बघते ती एक, आणि आपण रिलीव्हरची वाट बघतो ती दुसरी. ही दुसरी जास्त कासावीस करते, हे बारा तास उभं राहिलेला कुणीही सांगेल.

तो आला की चार्ज द्यायचा. आत किती गाड्या आहेत, कुठली किल्ली कुणाकडे गेली, कुठला साहेब अजून बसलाय, हे सगळं तोंडी सांगायचं. मग म्हणायचं, "चार्ज दिला." समोरच्यानं म्हणायचं, "चार्ज घेतला." एक सलाम, की सुटलो. या कामाला एजन्सीनं दहा मिनिटं धरलेली. आमचं कधी दहा मिनिटांत भागलं नाही. गाड्या-किल्ल्या झाल्या की चहा यायचा आणि चहाबरोबर बाकीचं यायचं. रात्रभर उभ्या माणसाच्या मनात काय काय येतं! शेत येतं, शाळेतले मास्तर येतात, मेलेली माणसं येतात. अंबादासची एक पद्धत होती. असं काही मनात आलं की तो त्याला म्हणायचा, "थांब जरा, सकाळी धोंडूला सांगू." आणि सकाळी सांगायचा.

वीस-बावीस वर्षांत मी त्याच्यासोबत एकदाही पंगतीला बसलो नाही. मी जागा असायचो तेव्हा तो झोपलेला, तो जागा तेव्हा मी. तरी त्याची बायको मथुरा मला माझ्या भावजयीपेक्षा जास्त माहीत होती. बिचारी लवकर गेली, त्यांची मुलगी रोहिणी चालायला शिकत होती तेव्हाच. पोरगी गावी आत्याकडे वाढली, बाप इकडे गेटवर. बापलेकीचं फोनवरचं बोलणं म्हणजे "जेवलीस का", "अभ्यास कर" आणि "ठेवतो". मथुरेच्या गोष्टी मात्र सगळ्या माझ्याकडे आल्या, रोज सकाळी, चहाच्या कपाबरोबर.

मग टोपी आली.

ती कशी आली ते सांगायला हवं, कारण ती वाईट वाटेनं आली नाही. तोवर आमच्या धंद्याला ना आगा होता ना पिछा. माझं पहिलं ट्रेनिंग म्हणजे एक फोटो होता. हातात काठी देऊन उभं केलं, फोटो काढला, झालो ट्रेन्ड. कुणीही यावं, शिट्टी गळ्यात घालावी आणि सुरक्षारक्षक व्हावं. संघटनांनी वर्षानुवर्षं ओरड केली तेव्हा कुठे नवं दक्षता मानक आलं. प्रत्येक गार्डला प्रमाणपत्र हवं, आठच तास ड्यूटी हवी, आठवड्याला सुट्टी हवी आणि बसायला खुर्ची हवी. ज्या दिवशी आमच्या गेटवर खुर्ची उतरली, त्या दिवशी अंबादासनं तिला हळदकुंकू लावलं होतं.

खुर्ची द्यायची तर गार्ड बसून जागा आहे हे कळायला नको का? त्यासाठी टोपी. दिसायला साधी, निळी, समोर तांदळाएवढा दिवा. आतल्या पट्टीत मात्र सगळी करामत होती.

ती करामत मला पुढे नंदिनी देवळेबाईंनी समजावली. मोशीच्या प्रशिक्षण केंद्रात त्या शिकवायच्या. मेंदूवर शिकून आलेल्या, पण बोलणं अगदी घरातलं. त्यांचं म्हणणं असं. माणूस बाहेर लक्ष देतो तेव्हा मेंदूचा एक भाग काम करतो. बाहेर काही नसलं की मेंदू गप्प बसत नाही, दुसरा भाग चालू होतो. जुन्या आठवणी, उद्याचे बेत, मनातल्या मनात केलेली भांडणं, हे सगळं त्या दुसऱ्या भागाचं. दोघांच्या लहरी वेगळ्या असतात. टोपी त्या लहरी ओळखते. लक्ष बाहेर असलं की दिवा हिरवा. मन आत वळलं की दिवा पिवळा, आणि कानामागे एक बारीक झिणझिणी. दुखत नाही, मुंगी चालल्यासारखं वाटतं, आणि मन दचकून परत गेटवर येतं.

"झोप येऊ नये म्हणून ती ठेवली," बाई म्हणाल्या. "पण मेंदूला सवय लागते. काही महिन्यांनी झिणझिणी यायच्या आधीच तो आत वळणं सोडून देतो."

बैलाचंही असंच असतं. ओळखीच्या वळणावर कासरा ओढावा लागत नाही.

माझं मन मात्र कासऱ्याला जुमानलं नाही. माझ्या टोपीला माझ्यापेक्षा जास्त राबावं लागलं. दिवा सदा पिवळा, कानामागे वारूळ उठलेलं. दक्षतांक, म्हणजे दिवा हिरवा राहण्याचे मार्क, इतका पडला की सहा महिन्यांत माझं प्रमाणपत्र गेलं आणि मी बिनटोपीच्या कामावर आलो. मंगल कार्यालयाचं पार्किंग. पुन्हा बारा तास, पुन्हा उभं, आणि नवरदेवाच्या मामांच्या शिव्या वेगळ्या.

अंबादास मात्र दक्षतांकात पहिला आला. का येणार नाही? "थांब जरा" म्हणून आठवण बाजूला ठेवण्याची कला त्याला आधीपासून अवगत होती. फक्त आता सकाळी सांगायला धोंडू नव्हता. माझ्या जागी दुसरा कुणी आला आणि चार्जची दहा मिनिटंही गेली. एका टोपीतला हिशेब दुसऱ्या टोपीत आपोआप जायचा. किल्ल्या, गाड्या, साहेब, सगळं अर्ध्या मिनिटात. बाकीच्याला टोपीत जागा नव्हती.

*

देवळेबाईंनी मला फेरपरीक्षेला बसवायचं मनावर घेतलं. मीही घेतलं. या वयात पाय सुजतात. खुर्ची हवी होती मला, लाजायचं काय त्यात? रोज ड्यूटीआधी मी मोशीला जायचो, सरावाची टोपी घालून पडद्यावरचं गेट बघत बसायचो. सुरुवातीला वारूळ उठायचं. मग हळूहळू दिवा हिरवा राहायला लागला.

"बघा काका, जमतंय," बाई म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी परीक्षा. तुम्ही पास होणार."

मी खूश होऊन पेढे घेऊन घरी आलो. त्याच संध्याकाळी रोहिणीचा फोन आला. तिला आठवड्यापूर्वी मुलगी झाली होती.

"काका, आबाला काय झालंय?" तिनं नमस्कार-चमत्कार न करताच विचारलं.

"काय झालं? आजारी हाये का?"

"तब्येत ठनठनीत हाय. मी म्हनलं, पोरीचं नाव मथुरा ठेवायलोत. येत्या रविवारी बारसं हाय. मला आई आठवत नाही काका. सासरचे इचारतात, कशी होती तुझी आई? म्हनून आबाला म्हनलं, सांगा ना आईचं काहीतरी. तर काय म्हनावं त्यांनी?"

"काय म्हणाला?"

"म्हनले, चांगली बाई होती. काही तक्रार नव्हती."

गार्डच्या रिपोर्टमध्ये असंच लिहितात. रात्र शांत, काही तक्रार नाही.

"आगं, ती तर..." मी म्हणालो. "थांब, मी सांगतो. तुझ्या आईनं पहिल्यांदा तुझ्या बापाला ड्रेसमध्ये बघितलं ना, तवा..."

कानामागे मुंगी चालली.

टोपी तर केंद्रात कपाटात होती. मी हात लावून बघितलं, कानामागे काही नव्हतं. पण माझं लक्ष दाराकडे गेलं होतं, कोण आलं म्हणून. कुणी आलं नव्हतं. मी पुन्हा ती गोष्ट धरली. ड्रेस आठवला, मथुरेचं बोलणं आठवलं, वासरू आठवलं. पण ती त्या वासराला काय नाव ठेवून हाक मारायची? अंबादासनं ते निदान पन्नासदा सांगितलं असेल. सांगताना तो प्रत्येक वेळी हसून चहा सांडायचा. ते नाव काही केल्या येईना.

"काका?"

"हां, सांगतो की. सावकाश सांगतो."

"तुमी सांगताल हो," ती म्हणाली. "पन मला आबाच्या तोंडून ऐकायचंय. एकदा तरी."

फोन ठेवला. हिराबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, पेढा पुढे केला. मी तो तसाच बशीत ठेवला. मला भीती वाटली. माझी स्वतःची आठवण गेली तर गेली. पण ही माझी नव्हती. ती अंबादासनं माझ्या हवाली केलेली होती. आणि रिलीव्हर सगळ्या शिव्या खाईल, पण घेतलेला चार्ज हरवला असं त्याला म्हणता येत नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी देवळेबाईंना सरळ विचारलं, "बाई, मन आत वळलं की टोपी टोचते. पण तेच एखाद्याला बोलून दाखवलं तर?"

त्यांनी जरा विचार केला. "नाही टोचणार. तुम्ही समोरच्याच्या तोंडाकडे बघत असता, तो ऐकतोय का हे तुम्हाला कळत असतं. लक्ष बाहेरच असतं. टोपीच्या दृष्टीनं ते काम आहे." मग म्हणाल्या, "पण काका, ड्यूटीवर गप्पा मारायला मनाई आहे. बोलायचं ते फक्त अभ्यागताशी. आलेल्या माणसाशी."

ते मला ठाऊक होतं. मानकातला तो नियम आम्ही केंद्रात रोज प्रार्थनेसारखा म्हणायचो. अभ्यागताच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे. त्यास मध्येच तोडू नये.

त्याच सकाळी मी चाकणला गेलो; नव्या पाळ्यांत अंबादासला सकाळ आली होती. गेटला नवा रंग लागला होता. तेलाचा डबा कुठे दिसला नाही. मी आत शिरलो नाही, तो अधिकार माझा राहिला नव्हता. बाहेरच्या माणसांनी जिथं उभं राहायचं, त्या पिवळ्या पट्ट्यावर मी उभा राहिलो. खांबावरचं यंत्र बोललं, "कोणाला भेटायचे आहे?"

"अंबादास खिल्लारे."

"कामाचे स्वरूप सांगा."

"चार्ज द्यायचाय."

अंबादास खुर्चीवरून उठून आला. कपडे कडक, बूट चकचकीत, दिवा हिरवागार. धंद्यात आलेली शिस्त त्याच्या अंगावर शोभत होती, खोटं कशाला बोलू. त्यानं मला ओळखलं. पण एरवी मला बघून त्याच्या तोंडावर जे यायचं, ते आलं नाही.

"धोंडूभाऊ. बरा हायस ना? काम सांग."

"चार्ज द्यायला आलोय."

"चार्ज टोपीत येतो आता."

"ह्यो नाय येत टोपीत. तू मला दिलेला हाये, तो परत घे. आणि नियम म्हाईत हाये ना? पाव्हण्याला मधी तोडायचं नाय."

त्याला नियम माहीत होता. तो उभा राहिला, माझ्या तोंडाकडे बघत.

"तुला एजन्सीनं पहिला ड्रेस दिला," मी सांगायला लागलो, "तो तुझ्या दुप्पट मापाचा व्हता. तू तसाच घालून गावाला गेलास, बायकोला दाखवायला. मथुरा अंगणात शेण काढत व्हती. तिनं तुला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, आहो, ह्यात अजून एक मानूस मावतंय, तो कुठं ठेवून आलात?"

दिवा हिरवाच. तोंड कोरं. तो एखाद्या अभ्यागताची तक्रार ऐकावी तसा ऐकत होता. तेवढ्यात मागे ट्रक येऊन थांबला.

"एक मिनिट," म्हणून तो गेला. ट्रकचे कागद बघितले, सील हात लावून तपासलं, खाली वाकून बघितलं. घाई केली नाही. मी पट्ट्यावर उभा. मला वाटलं, संपलं. आता हा येऊन म्हणेल, आपलं काम झालं असल्यास कृपया पट्टा मोकळा करा.

ट्रक आत गेला. अंबादास परत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पुढं?"

मी पुढे सांगितलं. "पुढं तू रुसलास. ड्रेसवरची टोपी काढून खुंटीला टांगलीस आणि भाकरीला नको म्हणालास. तवा तिनं ती टोपी घेतली आणि गोठ्यातल्या वासराच्या डोक्यावर ठेवली. वासरू टोपी घालून सगळ्या गल्लीत पळालं, मागनं ती, आणि तिच्यामागनं तू. सगळं गाव हसलं. तवापासनं ती त्या वासराला एका नावानं हाक मारायची. ते नाव मी इसरलो, अंबादास. कोर्सनं खाल्लं. ते तुझ्याकडं हाये का बघ."

त्याची नजर माझ्यावरून सुटली. दिवा पिवळा झाला. त्याचा कान हलला, आणि तो झटकन रस्त्याकडे बघायला लागला. दिवा पुन्हा हिरवा. तोंड पुन्हा कोरं.

"नाही येत," तो म्हणाला.

"तिकडं नको बघू. आत पण नको बघू. माझ्याकडं बघ. इथं, तोंडाकडं. आणि मला सांग. मी ऐकतोय का नाय, त्याच्यावर ध्यान ठेव. ती अंगणात उभी हाये, वासरू पळून गेलंय, तिला हाक मारायचीय. काय म्हणती?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. इतकं रोखून मला कुणी कधी बघितलं नसेल. दिवा एकदा पिवळा झाला, हिरवा झाला, पुन्हा पिवळा. मी डोळा हलवला नाही.

"म्हनती," तो सावकाश म्हणाला, "म्हनती, ओ... ओ जमादार! ओ जमादारसाहेब! वैरन खायला या, डुटी झाली तुमची!"

आणि तो हसला. पोट धरून हसला. हातात चहा असता तर सांडला असता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसत होता, आणि माझ्यावरून नजर काढत नव्हता. टोपीवरचा दिवा हिरवा. काम चालू होतं.

"जमादार," मी म्हणालो. "हां. जमादार."

"लई खोडीची होती रे धोंडू," तो म्हणाला. "लई खोडीची."

पट्ट्यावर माझ्यामागे कुरिअरवाला येऊन उभा राहिला होता. आता निघायला हवं होतं. मी पाय जुळवले. "चार्ज दिला."

"चार्ज घेतला." त्यानं सलाम ठोकला. मग हळूच म्हणाला, "समदा नाही झाला ना? उद्या येतोस का?"

*

मी सोमवारच्या परीक्षेला गेलो नाही. सरावाची टोपी देवळेबाईंना परत केली. त्यांना वाईट वाटलं. "काका, इतके जवळ आला होतात," म्हणाल्या. मी म्हणालो, "बाई, टोपी चांगली आहे. खुर्ची त्याहून चांगली आहे. पण दोघं रिलीव्हर टोपीतले झाले, तर चार्ज ठेवायचा कुणाकडे?" नंतर ऐकलं, चार्जची दहा मिनिटं परत द्या, माणसानं माणसाला द्यायची, असं त्यांनी वर कळवलंय. वरचे ऐकतील तेव्हा ऐकतील. तोवर मी रोज सकाळी चाकणला जातो, पिवळ्या पट्ट्यावर उभा राहतो आणि एकेक गोष्ट परत करतो. यंत्रालाही आता माझी सवय झाली आहे.

बारशाच्या रविवारी लग्नाची दाट तीथ होती. पार्किंगमध्ये गाड्यांचा नुसता चिखल झाला होता. दुपारी रोहिणीचा फोन आला. मागे पाळण्याचा आणि बायकांचा आवाज येत होता.

"काका, आबा बोलले. थांबायलाच तयार नाहीत. जमादाराचं सांगितलं, जत्रेतल्या बांगड्यांचं सांगितलं, मी झाले तवा आईनं दाईला कशी शिवी दिली तेही सांगितलं. सगळे हसून हसून बेजार."

"मग? ऐकलंस ना बापाच्या तोंडून?"

"ऐकलं," ती म्हणाली. "पन काका, आबा सगळा वेळ माझ्या तोंडाकडं बघत बोलत होते. इकडं नाही, तिकडं नाही. सासू पानी घिऊन आली तरी मान वळवली नाही. मी इतकी मोठी झाले, पोरीची आई झाले, पन आबानं मला इतका वेळ कधी बघितलंच नव्हतं."

आणि ती रडायला लागली. मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. मागून कुठल्यातरी मामानं हॉर्न वाजवला. मी हातानं त्याला थांबवलं. थांबेल दोन मिनिटं. पाय दुखत होते. खुर्ची असती तर बसलो असतो.